घरी घडविलेला सागरी खडक

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरात मांडू पाहणाऱ्या माणसाला काच, दिवे, पंप आणि मासे यांची चिंता आधी वाटते आणि खडकाची सर्वांत शेवटी. वास्तविक हा क्रम उलटा हवा, कारण त्या काचपेटीतले सारे जीवन खडकाच्याच आधाराने टिकते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून जो अमोनिया पाण्यात उतरतो तो अत्यल्प प्रमाणातही त्यांच्या कल्ल्यांना जाळणारा असतो, आणि त्याचे आधी नायट्राइटमध्ये व मग तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू मोकळ्या पाण्यात फारसे न राहता कोणत्या ना कोणत्या पृष्ठभागाला चिकटून वस्ती करतात. सबब खडक जितका सच्छिद्र तितकी त्यांच्या वस्तीला जागा अधिक. खडकाच्या गाभ्यात, जिथे प्राणवायू जेमतेम पोचतो, तिथे आणखी एका प्रकारचे जीवाणू नांदतात व नायट्रेटचे विघटन करून त्यातला नायट्रोजन वायुरूपाने मोकळा करतात. जाकार्ता येथील ली चिन एंग या मत्स्यपालकाने समुद्रातून आणलेले खडक, समुद्राचेच पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांवर मासे आणि प्रवाळे जगवून दाखविली आणि १९६१ साली ती पद्धत एका अमेरिकी मासिकातून जगापुढे ठेवली, तेव्हापासून या छंदातला खडक हा शोभेचा जिन्नस न राहता शुद्धीकरणाचे यंत्र म्हणून ओळखला जाऊ लागला.

आता असा खडक आणावयाचा कोठून? मुंबईच्या बाजारात ‘लाइव्ह रॉक’ या नावाने जे देऊ केले जाते त्यात पुष्कळदा प्रवाळाचा सांगाडाच असतो, आणि तो विकत घेणे हा गुन्हा आहे याची कल्पना घेणाऱ्यास नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचीत २००१ साली जी सुधारणा झाली तिच्या अन्वये खडक बांधणारी समस्त कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे आणि समुद्रपंखे ही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्याच पंक्तीला जाऊन बसली, आणि त्यांचा संग्रह, विक्री वा वाहतूक करण्यास मज्जाव झाला. हा मज्जाव अनाठायी नाही. तमिळनाडूच्या मन्नार आखातात चुन्याच्या भट्ट्यांसाठी आणि सिमेंटसाठी प्रवाळांचे खोदकाम कित्येक दशके चालले होते, आणि त्याने तिथली बेटे उघडी पडून झिजू लागली; पुढे २०१५ पासून त्याच आखातातल्या वान बेटाजवळ काँक्रीटचे छिद्रयुक्त कृत्रिम खडक समुद्रतळाशी बसविण्यात आले, आणि त्यांच्या आडोशाला मासे व प्रवाळे वस्तीला आली. एके काळी जिथे प्रवाळ जाळून सिमेंट केले जात होते, तिथे आज सिमेंटवर प्रवाळ वाढते आहे, ही घटना मला फार बोलकी वाटते. आपल्या राज्यापुरते बोलायचे तर मालवणला सिंधुदुर्गाच्या भोवतालच्या उथळ पाण्यात प्रवाळे आहेत आणि तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून राखीव आहे. ज्यांना खरा प्रवाळखडक पाहावयाचा असेल त्यांनी तिथे जाऊन तो पाण्यात बुडी मारून पाहावा आणि तिथला दगड तिथेच ठेवून रिकाम्या हातांनी परतावे. घरच्या पेटीसाठी लागणारा खडक आपण घरीच घडवू शकतो, आणि शहाद्यासारख्या गावी तर तो घडविण्यास लागणारे बहुतेक सर्व साहित्य हाताच्या अंतरावर आहे.

हे विधान ऐकून काहींना नवल वाटेल. शहादा गोमाईच्या काठी वसलेले, तापीच्या खोऱ्यातले गाव. आपली तापी प्रकाशाला गोमाईचे पाणी घेते आणि सुरतेच्या पुढे जाऊन समुद्राला मिळते, इतकाच काय तो आपला समुद्राशी संबंध. पायाखाली काळा अग्निजन्य पाषाण, त्यावर नदीने आणलेली गाळाची जमीन, आणि त्या जमिनीत ऊस, केळी, पपई, कापूस. मात्र भूगर्भशास्त्राचा दाखला काढला तर सातपुडा आणि नर्मदा ओलांडून उत्तरेस, धार जिल्ह्यात बाघ नावाचे जे गाव लेण्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्याच्या परिसरात एका प्राचीन सागराने मागे ठेवलेले चुनखडकाचे थर आजही उघडे आहेत. काळ्या पाषाणाचा लाव्हा वाहण्यापूर्वी, क्रिटेशस काळात, पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यातून इतका आत शिरलेला होता, आणि त्या थरांपैकी एकाला भूगर्भशास्त्रज्ञांनी ‘कोरलाइन’ चुनखडक असेच नाव दिले, जरी तो प्रवाळांपेक्षा ब्रायोझोआ नावाच्या वसाहती करून राहणाऱ्या सूक्ष्म सागरी प्राण्यांच्या अवशेषांनी भरलेला आहे. तो खडक आणून पेटीत ठेवावा असा मोह कोणास झाल्यास त्याने तो आवरावा. जीवाश्मांचे ते दप्तर अभ्यासकांचे आहे, आणि कोट्यवधी वर्षांच्या दाबाने घट्ट झालेल्या त्या दगडात आपल्याला हवी तशी मोकळी छिद्रेही उरलेली नाहीत.

साहित्यात पहिला मान सिमेंटचा. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते ते पोर्टलँड-पोझोलाना सिमेंट, म्हणजे ज्यात औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेली असते ते. याखेरीज साधे पोर्टलँड सिमेंट आणि पांढरे सिमेंट हेही मिळते. माझा कौल पहिल्याला आहे आणि त्यास कारण आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होत असताना कळीचा चुना विरल्यावर जो पदार्थ होतो तोच, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, उपपदार्थ म्हणून मोकळा होतो, आणि पुढे आपल्याला जी काही यातायात करावी लागते ती सर्व या मोकळ्या चुन्यापायी. राखेतली सिलिका या चुन्याला हळूहळू आपल्यात बांधून घेते. आपले जुने गवंडी चुन्याच्या गाऱ्यात विटांची सुरखी घालीत त्यामागेही हेच रसायन होते. राखेविषयी ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी पांढरे सिमेंट घ्यावे. काम त्यानेही होते, फक्त चुना निवायला मुदत जास्त लागते. भिंतीची पुट्टी, जलरोधक पावडर मिसळलेले मसाले आणि झटपट घट्ट होणारी मिश्रणे मात्र या कामी वर्ज्य समजावीत, कारण त्यांत प्लॅस्टिकसदृश द्रव्ये आणि नाना रसायने असतात. गोणीवर छापलेला उत्पादनाचा आठवडा पाहूनच सिमेंट घ्यावे. पावसाळ्यात पडून राहिलेल्या, गुठळ्या धरलेल्या सिमेंटला ताकद नसते.

दुसरा जिन्नस शिंपल्यांची कणी, आणि तिच्यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातले नवापूर कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र आहे, आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांना कवचासाठी चुना मिळावा म्हणून शिंपल्यांचा भरड चुरा, ज्याला त्या धंद्यातले लोक ‘शेल ग्रिट’ म्हणतात, खाद्यातून दिला जातो. पशुखाद्याच्या दुकानात तो गोणीने मिळतो. घेताना दोन गोष्टींची रुजुवात करून घ्यावी. एक, तो नुसता शिंपल्यांचाच असावा. खनिज मिश्रण मिसळलेला माल कटाक्षाने नाकारावा, कारण कोंबड्यांच्या खनिज मिश्रणात तांबे व जस्त यांचे क्षार असतात, आणि जे तांबे कोंबडीला औषधासारखे उपकारक ते खाऱ्या पाण्यातल्या कोळंबी, शंख, खेकडा व प्रवाळ यांना प्राणघातक ठरते. दोन, चिमूटभर कणीवर लिंबाचा रस पिळून पाहावा. बुडबुडे फेसाळून आले तर तो खरा चुनखडी पदार्थ, नुसताच ओला झाला तर त्यात वाळू वा दगडाची भेसळ आहे. ‘मार्बल ग्रिट’ या नावाने मिळणारा संगमरवराचा चुरा वापरता येतो, पण तो जड आणि गुळगुळीत असतो, सबब मी शिंपल्यांनाच पसंती देईन. कणी घमेल्यात घेऊन पाणी नितळ होईपर्यंत धुवावी, म्हणजे तिला चिकटलेली खाद्याची धूळ आणि वाळलेले मांस निघून जाते.

इथे एका प्रचलित समजुतीचा निरास करणे अवश्य आहे. शिंपले घातल्याने खडक पाण्यात हळूहळू विरघळून कॅल्शियम पुरवीत राहील असे अनेकांना वाटते. परंतु समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या वर असतो आणि त्या स्थितीत चुनखडी जवळजवळ विरघळतच नाही. शिंपल्यांचे काम एवढेच, की खडक हलका व खडबडीत व्हावा आणि समुद्रातल्या चुनेरी शैवलाला त्यावर आपल्या ओळखीची जमीन मिळावी.

तिसरे, खडे मीठ. गुजरातच्या मिठागरांतून येणारे, गुरांसाठी म्हणून विकले जाणारे जाडे मीठ उत्तम. बारीक टेबल मीठ घेऊ नये. मिठाचे प्रयोजन असे, की मिश्रण घट्ट झाल्यावर ते पाण्यात विरघळून निघून जावे आणि त्याच्या जागी मोकळी छिद्रे उरावीत. मिठाऐवजी साबुदाणा किंवा तांदूळ घालून छिद्रे पाडण्याची युक्ती काही जण सुचवितात. ती मला मान्य नाही, कारण ते दाणे खडकाच्या पोटात कुजतात आणि महिनोन्महिने पाण्यात फॉस्फेट सोडून शेवाळाचे रान माजवितात.

तापीची वाळू मिश्रणात घालण्याची आवश्यकता नाही, पण साचा करण्यासाठी ती उपयोगी पडते. परवाना असलेल्या विक्रेत्याकडून घमेलेभर घ्यावी; वाळूला गौण खनिजाचे नियम लागू आहेत. वाळलेल्या वाळूतून कागदात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवून पाहावे. काळे, चमकदार कण कागदाला दाढीसारखे लोंबकळू लागतात, ते मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज होय. आपल्या काळ्या पाषाणाची ही देणगी पेटीत जाऊ नये म्हणून साच्यातून काढलेला खडक कुंच्याने झाडून घ्यावा. भांड्यांविषयी इशारा याहून गंभीर आहे. शेतकरी कुटुंबात दोनशे लिटरची पिंपे आणि फवारणीचे पंप असतातच, आणि ज्या पिंपात एकदा बोर्डो मिश्रण, ताम्रयुक्त बुरशीनाशक किंवा कीटकनाशक कालवले गेले ते कितीही धुतले तरी या कामाला निषिद्ध मानले पाहिजे. पिंप नवे घ्यावे, आणि त्यावर खूण करून ते शेतात जाणार नाही अशी तजवीज करावी.

प्रमाणाचा हिशेब असा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी पेटी धरली तर तिच्यात सुमारे १८० लिटर पाणी मावते, आणि तिला पंधरा किलोच्या आसपास सच्छिद्र खडक पुरे होतो. एक माप सिमेंट, दोन मापे शिंपल्यांची कणी आणि दोन मापे खडे मीठ हे प्रमाण राखल्यास पाच किलो सिमेंट, नऊ-दहा किलो कणी आणि आठ-नऊ किलो मीठ लागेल. मीठ याहून वाढविले तर खडक हातात चुरतो, आणि कमी केले तर तो विटेसारखा भरीव होतो. सिमेंट त्वचेला पोळते आणि त्याची धूळ फुप्फुसांना अपाय करते, म्हणून रबरी हातमोजे व नाकाला फडके यांवाचून या कामास हात घालू नये आणि मुलांना लांब ठेवावे.

आधी सिमेंट आणि कणी कोरडीच एकजीव करावी, मग थोडे थोडे पाणी शिंपडत कालवावे, आणि मीठ अगदी शेवटी घालावे, म्हणजे ते विरघळून जाण्याआधी खडा शाबूत राहून साच्यात पोचते. पाण्याचे मान हेच या कामातले खरे कसब आहे. मिश्रण मुठीत घेऊन दाबावे. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे घेऊन गोळा तसाच राहिला आणि बोटांच्या फटीतून पाणी ओघळले नाही, तर ते बरोबर जमले. सैल मिश्रणात सिमेंटचा रबडा तळाशी बसून सर्व छिद्रे बुजवितो, आणि मग मीठ घातल्याचा उपयोग उरत नाही. जमलेले मिश्रण साच्यात हलक्या हाताने ठेवावे, थापीने ठोकून बसवू नये.

साचा म्हणजे एका टोपलीत किंवा लाकडी खोक्यात ओली वाळू भरून तिच्यात हाताने पाडलेला खळगा. खळग्याच्या तळाशी व कडांना मूठभर जाडे मीठ पसरले म्हणजे खडकाच्या पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि वाळू कमी चिकटते. गुहा हवी असेल तिथे ओल्या वाळूचा गोळा ठेवून त्याच्याभोवती मिश्रण रचावे. बोगदा हवा असेल तिथे पीव्हीसी नळीचा तुकडा आडवा घालून ठेवावा आणि मिश्रण अर्धवट घट्ट झाले की फिरवून काढून घ्यावा. जाडी कोठेही तीन इंचांपेक्षा जास्त नसावी, कारण त्यापलीकडे गाभ्यातले मीठ आणि चुना बाहेर येण्यास फार विलंब लागतो. आधारासाठी लोखंडी सळई किंवा बांधणीची तार घालण्याचा मोह होतो. तो टाळावा, मिठाच्या सान्निध्यात लोखंड गंजते, फुगते आणि खडकाला आतून तडकविते. शिवरायांनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला तेव्हा पायाच्या दगडांत शिसे ओतल्याची परंपरागत माहिती आहे, आणि दुर्गाच्या तटबंदीला ते शोभून दिसले असेल. आपल्या पेटीत मात्र शिसे, तांबे, पितळ, जस्ताचा पत्रा यांपैकी कोणताही धातू शिरता कामा नये. आकार निरनिराळे करावेत: दोन-तीन रुंद बैठकीचे, दोन कमानीचे, बाकीचे पसरट ताटासारखे. सगळे गोल धोंडे केले तर ते एकमेकांवर टिकत नाहीत आणि त्यांच्यामधून पाणी खेळत नाही.

साचे भरून झाले की त्यांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून सावलीत ठेवावेत. मिठामुळे सिमेंट सावकाश घट्ट होते, म्हणून दोन दिवस पुरते होईपर्यंत त्यांना हलवू नये. हा काळ कोणत्या ऋतूत येतो याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. चैत्र-वैशाखात खानदेशचा वारा असा कोरडा व तापलेला वाहतो की सिमेंटमधले पाणी त्याला हवे त्याआधीच उडून जाते आणि खडक भुसभुशीत होतो. पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की मीठ साच्यातच पाझरते. सबब दिवाळी आटोपली की कामास लागावे. साच्यातून निघालेले खडक ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवून, गवंडी लोक स्लॅबला मारतात तसे, त्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे. म्हणजे सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा भरण्याच्या सुमारास खडक पिंपात पडण्यास सिद्ध होतील.

येथून या कामाचा जो भाग सुरू होतो तो सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. खडक घडविणे ही एका दुपारची गोष्ट आहे. चुना निवविणे हे दोन महिन्यांचे काम आहे, आणि ज्याला तेवढा धीर नसेल त्याने हा उद्योग आरंभू नये असे मी स्पष्ट सांगेन. पिंपात खडक बुडेल इतके पाणी भरावे. बोअरचे पाणी चालेल, आणि घरच्या आर.ओ. यंत्रातून वाया जाणारे पाणीही चालेल. पहिले तीन दिवस पाणी रोज बदलावे, कारण त्या काळात मुख्यत्वे मीठ बाहेर येते. त्यानंतर पाणी किंचित दुधाळ दिसू लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर पृष्ठभागावर एक पातळ, काचेसारखी चमकणारी साय धरलेली आढळते. बोट लावले की ती तुकडे होऊन बुडते. लहान मुलांना चुन्याची निवळी पाजण्याची रीत ज्या घरांत होती त्यांना ही साय परिचित आहे: खडकातून आलेला मोकळा चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पुन्हा चुनखडी झाला, त्याची ती साय. चुन्याच्या संपृक्त निवळीचा सामू १२.४ च्या आसपास असतो, आणि असे पाणी समुद्री माशाच्या पेटीत झिरपले तर मासे वाचत नाहीत. पाण्यातले मॅग्नेशियम व कॅल्शियम पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी येते ते वेगळेच.

पाणी दर दोन-तीन दिवसांनी, पुढे आठवड्याने बदलत राहावे. मात्र खडक सतत बुडवूनच ठेवणे हे श्रेयस्कर नाही. चुन्याचे चुनखडीत रूपांतर व्हावयास हवा लागते, आणि पाण्याने भरून गेलेल्या छिद्रांत हवा पोचत नाही. म्हणून पाच दिवस पाण्यात आणि दोन दिवस सावलीत उघड्यावर असा क्रम ठेवल्यास काम लवकर होते. हिवाळ्यातली आपल्याकडची हवा यासाठी फार अनुकूल असते. शिरका ओतून चुना लवकर मारण्याचा उपाय सांगितला जातो. त्याने पृष्ठभागावरचा चुना जातो खरा, पण त्याबरोबर सिमेंट आणि शिंपलेही झिजतात, आणि गाभ्यातला चुना जिथल्या तिथे राहून दहा दिवसांनी पुन्हा वर येतो. हायड्रोक्लोरिक आम्ल तर या कामी हाताळूच नये.

परीक्षेसाठी प्रथम घरातलीच हळद घ्यावी. हळद अल्कात लाल होते; हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. ओल्या खडकावर हळदीच्या पाण्याचे दोन थेंब टाकावेत: पहिल्या आठवड्यात ते तत्काळ तांबडेभडक होतात, महिन्याने विटकरी होतात, आणि काम पुरे होत आले की पिवळ्यावर नारिंगी छटा तेवढी उरते. हा ढोबळ अदमास झाला. निर्णय मात्र सामू मोजण्याच्या पट्टीवर किंवा मापकावर करावा, आणि तोही पुढील रीतीने. दोन सारख्या बादल्यांत एकच पाणी भरावे, एकीत खडक ठेवावा, दुसरी तशीच ठेवावी, दोन्हींवर घट्ट झाकण घालावे आणि तीन दिवसांनी दोन्हींचा सामू मोजावा. आपल्या भागातले भूजल मुळातच जड असल्याने नुसत्या बादलीचा आकडा जाणल्यावाचून खडकाच्या बादलीचा आकडा काही सांगत नाही. खडकाच्या बादलीत सामू ८.५ च्या आत राहिला आणि दुसऱ्या बादलीहून तो फार तर दोन-तीन दशांशांनी अधिक निघाला, तर खडक निवला असे समजावे. प्रत्येक खडकाची अशी स्वतंत्र तपासणी करता आली नाही, तरी जाड खडकांची तरी अवश्य करावी. साधारणतः महाशिवरात्रीपर्यंत हे काम आटोपते.

पेटीत रचताना खडक थेट काचेच्या तळावर, पातळ प्लॅस्टिकच्या जाळीवर टेकवावेत आणि वाळू मागाहून भोवती पसरावी. वाळूवर ठेवलेला खडक खोदणाऱ्या माशांमुळे कलंडतो आणि पेटीची काच जाते. मागची काच आणि खडक यांमध्ये हात जाईल इतके अंतर ठेवावे. पाणी मात्र आर.ओ.चे शुद्धच घ्यावे आणि त्यात मत्स्यालयासाठी मिळणारे तयार सागरी मीठ मिसळून विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या सुमारास आणावे. खडकासाठी वापरलेले खडे मीठ इथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर क्षार त्यात योग्य प्रमाणात नसतात.

घरचा खडक या क्षणी निर्जीव असतो. त्याला जीवाणूंची पेरणी करावी लागते. कोणा परिचिताचे जुने, निरोगी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय असेल तर त्याच्या गाळणीतला स्पंजाचा तुकडा ओलाच आणून आपल्या पेटीत सोडावा. नसेल तर बाटलीत मिळणारे जीवाणू घ्यावेत. त्यांना खाद्य म्हणून अमोनिया हवा, आणि तो मिळविण्यासाठी आठवडे बाजारात मिळणारी सुकट उपयोगी पडते: मीठ धुऊन काढून चार-पाच सुकटी जाळीच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात सोडाव्यात. आधी अमोनिया वाढेल, मग नायट्राइट वाढेल, मग दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागेल. याला चार ते आठ आठवडे लागतात. या दरम्यान खडकावर आधी तपकिरी थर, मग हिरवे शैवल दिसते, ते स्वाभाविक आहे. गुलाबी-जांभळे चुनेरी शैवल, ज्यासाठी या छंदातले लोक झुरतात, ते त्याचे थोडे बीज कोणाच्या तरी पेटीतून खडकाच्या किंवा शंखाच्या तुकड्यावर आल्याशिवाय उगवत नाही, आणि आले तरी सर्वत्र पसरण्यास कित्येक महिने घेते.

मासे सोडण्याची घाई शहाद्याच्या रहिवाशाने तर मुळीच करू नये. गुढीपाडव्यापर्यंत पेटी तयार झाली तरी पुढचे दोन महिने तापमान चाळीस अंशांच्या वर जाणारे आणि वीज कधी जाईल याची शाश्वती नसलेले असतात, आणि या पाण्याला २५ ते २७ अंश हवे असतात. उन्हाळाभर नुसता खडक, पाणी आणि पंप चालू ठेवावा, अधूनमधून सुकटीचा कण सोडून जीवाणू जगवावेत, उडालेले पाणी बिनमिठाच्या आर.ओ. पाण्याने भरून काढावे, आणि पाऊस स्थिरावल्यावर, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवून, पहिली विदूषक माशांची जोडी आणावी. समुद्रातून पकडलेले मासे न घेता पैदास केंद्रातले घ्यावेत; केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने विदूषक माशांची पैदास आपल्या देशात कधीच साध्य केलेली आहे, आणि असे मासे पेटीतल्या जीवनाला जन्मतःच सरावलेले असतात.

पेटी सुरू झाल्यावर पहिले तीन महिने दर आठवड्यास सामू आणि अल्कता मोजून वहीत नोंदवावी. सामू ८.५ च्या वर जाऊ लागला तर पाव हिस्सा पाणी बदलावे आणि कोणता खडक अजून चुना सोडतो आहे ते हळदीने शोधून तेवढाच बाहेर काढून पुन्हा पिंपात टाकावा. या काळात कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी घालण्याची पद्धत अवलंबू नये. ती पुढे, खडक पूर्ण निवल्यावर आणि त्यावर चुनेरी शैवल वाढू लागल्यावर वापरता येते. मासा आजारी पडल्यास त्याला वेगळ्या, खडकविरहित टाकीत हलवूनच औषध द्यावे, कारण तांबेयुक्त औषध चुनेरी खडकात मुरते आणि तो खडक पुढे खेकडे वा शंख ठेवण्यास कायमचा निरुपयोगी होतो.